कुलपाच्या जागी

“पदर नाकाला लावा वहिनी, हे देवळातलं तीर्थ नव्हे,” आत्मारामभाऊजी म्हणाले.

शेजारी उभी असलेली त्यांची बायको शेवंती खुदकन हसली. “बघितलंत कुमुदताई? घरी मी फोडणी देताना ठसकून ठसकून बेजार झाले, तरी हे पेपरातून मान वर काढत नाहीत. इथं मात्र केवढी काळजी.”

“फोडणीनं कोणी मेलेलं नाही,” भाऊजी म्हणाले. “इथं महिनाभर पाणी साचून होतं. शेवाळ खरवडून काढलं, तळ उपसला, क्लोरीनचं पाणी फिरवून ओतून दिलं. तरीपण याचे तुषार छातीत घ्यायचे नाहीत. नवीन पाणी भरून चार दिवस फिरलं की मग ठीक.”

आम्ही दोघींनी पदर नाकाला लावले. समोर तो टॉवर उभा होता. लाकडी पट्ट्यांचा, तीन मजली इमारतीएवढा उंच, आणि पट्ट्यांमधून पाऊस पडावा तसं पाणी खाली कोसळत होतं. कारखान्यातून आलेलं गरम पाणी वरून सोडायचं, डोक्यावरच्या मोठ्या पंख्यानं वारा ओढायचा, आणि थंड झालेलं पाणी पुन्हा कारखान्यात पाठवायचं, एवढंच त्याचं काम. पण भाऊजी त्याच्याबद्दल असे बोलत, की गोठ्यातल्या दुभत्या म्हशीबद्दल बोलतायत असं वाटावं.

त्या दिवशी खंडेनवमी होती. चिपळूणच्या पुढे, खाडीच्या अंगाला आमची कंपनी. रंगांना लागणारी रसायनं तिथं तयार होत. एरवी फाटकाच्या आत बायकांना पाऊल टाकायला मिळत नसे. खंडेनवमीला मात्र सगळी कुटुंबं आत यायची. यंत्रं धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घातलेल्या, जमिनीवर रांगोळ्या, आणि प्रत्येक पुरुष आपापल्या बायकोला ‘हे माझं मशीन’ म्हणून दाखवत हिंडायचा. त्या वर्षी पावसाळ्यानंतरची मोठी दुरुस्ती नुकतीच संपली होती आणि पूजेच्या मुहूर्तावर कारखाना पुन्हा सुरू व्हायचा होता. त्यातून त्या वर्षी पूजेचा मान आमच्याकडे आला होता. कामगारांपैकी एका जोडप्यानं पाटावर बसून पूजा करायची अशी पद्धत होती. मी लग्नातला हिरवा शालू नेसले होते. खरं सांगायचं तर सकाळपासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आमचे हे आणि आत्माराम खेराडे एकाच पाळीत, एकाच टॉवरवर. कंपनीच्या चाळीतही भिंतीला भिंत. शेवंतीला मूल होत नव्हतं तेव्हा सासूचे बोल ऐकून ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची, आणि दोन मुली झाल्यावर ‘मुलगा कुठाय’ म्हणून बोल ऐकायचे, तेव्हाही तिथंच येऊन बसायची.

“आता पंखा कधी फिरणार?” मी विचारलं.

भाऊजींनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी नजर वळवली. माझ्या लक्षात आलं, की दोघांचं काहीतरी बिनसलंय.

“तेच तर,” भाऊजी म्हणाले. “सकाळी क्षणभर फिरवून बघितला. खट खट वाजतोय. पातं कुठंतरी घासतंय, नाहीतर साफसफाईवाल्यांनी आत फळकूट विसरलंय. हरी, मी वर जाऊन बघून येतो.”

“साहेबाला सांग, पंखा उद्या फिरवू,” हे म्हणाले.

“सांगून आलो. मालक मुंबईहून आलेत. आरती संपता संपता सगळं चालू दिसलं पाहिजे म्हणतात. रेगेसाहेबांचं तोंड एवढंसं झालंय. आणि पातं तुटून उडालं तर खाली कोण उभं असणार? ह्याच बायका. दहा मिनिटांचं काम आहे.”

“मग कुलूप आण.”

इथं मला त्या कुलपाचं सांगायला हवं. पंख्याच्या घेरात माणूस उतरला असताना चुकून कोणी बटण दाबलं तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून कंपनीत एक नियम होता. आत जाणाऱ्यानं आधी वीजखोलीत जायचं, पंख्याचा खटका खाली ओढायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली कमरेला लावून वर चढायचं. तो खाली उतरून स्वतःच्या हातानं कुलूप काढील तेव्हाच पंखा फिरणार. मालक आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. प्रत्येकाच्या कुलपावर त्याचं नाव लाल रंगात लिहिलेलं. भाऊजी तर शेवंतीला चिडवायचे, की तिजोरीची किल्ली तुला देईन, ही देणार नाही. त्यावर ती म्हणायची, आधी तिजोरी आणा.

भाऊजी कुलूप आणायला गेले आणि आम्हीही मागोमाग पूजेच्या शेडमध्ये गेलो. तिथं लाल कापडावर सगळी हत्यारं मांडली होती. पाने, हातोडे, करवती, वजनं. आणि त्यांच्याच ओळीत सगळ्यांची कुलपं, घासून लख्ख केलेली, किल्ल्यांसकट. आदल्या संध्याकाळीच कोणीतरी ती गोळा करून मांडली होती. हळदकुंकू वाहून झालं होतं, प्रत्येक कुलपावर एकेक झेंडूचं फूल होतं.

भाऊजींनी आपल्या कुलपाकडे हात नेला. मग तोच हात दुसऱ्या हाताला जोडून नमस्कार केला आणि मागे वळले.

“उचल रे,” हे म्हणाले. “देवी काही म्हणायची नाही.”

“पूजेत बसलेलं हत्यार उत्तरपूजेआधी उचलत नाहीत. माझ्या बापानं कधी कोयती उचलली नाही, दारात साप आला तरी.”

“मग सापाला काय केलं त्यांनी?”

“काठीनं हाकलला,” भाऊजी म्हणाले आणि हसले. “आज तू माझी काठी. वीजखोलीच्या दारात उभा राहा. कोणाला आत सोडू नको. तूच माझं कुलूप.”

ह्यांनी पुन्हा एकदा लाल कापडाकडे बघितलं. मला वाटतं, ते स्वतःच उचलणार होते. पण तोवर पूजा बघायला माणसं जमू लागली होती, भटजी येऊन बसले होते. हे वळले आणि भाऊजींच्या मागून निघाले. शेवंतीही गेली, नवरा कुठं चढतो ते बघायला. मला भटजींनी पाटावर बसवून घेतलं.

शेड आणि टॉवर यांच्या मध्ये पाइपांची मोठी रांग होती. मला तिकडचं काही दिसत नव्हतं. पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

पूजा सुरू व्हायची वेळ आली तरी शेजारचा पाट रिकामाच. मालक खुर्चीवर बसले होते. रेगेसाहेब घड्याळ बघून माझ्याजवळ आले. “मोरे कुठायत?”

“टॉवरपाशी. खेराडे भाऊजी वर गेलेत.”

“अहो, पण आरती होईस्तोवर तिकडे फिरकतंय कोण? सगळी कंपनी इथं बसलीय.” त्यांनी शिपायाला पिटाळलं. शिपाई एकटाच परत आला. मग साहेब स्वतः गेले. थोड्या वेळानं हे त्यांच्या मागून आले, पाय धुतले, माझ्याशेजारी बसले. मी हळूच विचारलं, “भाऊजी उतरले?”

“काम लांबलंय. उतरेल आता,” हे म्हणाले.

पूजा झाली. आरती सुरू झाली. टाळ, घंटा, पोरांचे आवाज. ताम्हन आम्हा दोघांच्या हातात होतं. आरतीच्या शेवटच्या कडव्याला पाइपांच्या पलीकडून एक आवाज उठला. आधी घुमल्यासारखा, मग चढत चढत जाणारा. पंखा सुरू झाला होता. मालकांनी मान डोलावली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांत दुसरं काही ऐकू आलं नाही. मला एवढंच कळलं, की ताम्हनाचा सगळा भार माझ्या हातांवर आलाय. हे उठून अनवाणी पळत सुटले होते.

पुढचं मी फार सांगत नाही. भाऊजींना जीपमध्ये घालून चिपळूणला नेलं, पण रस्त्यातच सगळं संपलं होतं. पंखा लावणारा विजेचा माणूस भिंतीला टेकून बसला होता आणि भेटेल त्याला सांगत होता, “कुलूप नव्हतं हो. कुलूप नव्हतं म्हणजे आत माणूस नाही.” तो खोटं बोलत नव्हता. आमच्याकडे कुलूप नसणं म्हणजे आत कोणी नसणं, असाच सगळ्यांचा विश्वास होता. आरतीच्या शेवटी पंखा लाव, एवढं त्याला सांगितलेलं होतं. त्यानं दार उघडलं, खटका बघितला आणि लावला.

शेवंती टॉवरच्या शिडीशी बसलेली सापडली. तिला उठवायला चार बायका लागल्या. ती रडत नव्हती, बोलत नव्हती. तिची सासू मात्र त्याच रात्रीपासून बोलायला लागली. पांढऱ्या पायाची, नवऱ्याला खाल्लंन्. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी रेगेसाहेब आमच्या खोलीवर आले. मी चहा ठेवायला आत गेले आणि दाराआड थांबले.

“मोरे, चौकशी होईल,” साहेब म्हणाले. “तुम्ही एवढंच सांगा, की खेराडे कुलूप न लावता वर गेला. खरंच आहे ते.”

“खरं आहे. पण त्यानं मला उभं केलं होतं.”

“ते कोणाला माहीत आहे?”

“मला.”

साहेबांनी आवाज खाली आणला. “बोलावलं मीच तुम्हाला, ते मी नाकारत नाही. पण मी आपला ‘चला’ म्हटलं आणि पुढे झालो. तुम्ही मागाहून आलात. निघताना कोणाला सांगून निघालात का? कोणाला जागेवर ठेवलंत? तसं असेल तर सांगा, तुमच्यावरचं ओझं कमी होईल.”

चहाला उकळी आली होती. मी तो उतरवायचं विसरले.

“नाही,” हे म्हणाले. “कोणाला नाही.”

“असेच निघून आलात?”

“असाच आलो.”

“का?”

“पाटावर बसायचं होतं.”

“नोकरी जाईल मोरे. खोली जाईल.”

“आत्माराम नियम मोडून मेला असं तुम्ही लिहिलंत, तर त्याच्या बायकोला कंपनी काय देईल?”

साहेबांची खुर्ची करकरली.

“मग माझं नाव लिहा,” हे म्हणाले.

तसंच झालं. चूक ह्यांची ठरली. शेवंतीला कंपनीच्या उपाहारगृहात नोकरी मिळाली, खोली तिच्याकडेच राहिली. आम्ही दिवाळीनंतर सामान टेम्पोत भरून गुहागरच्या बाजूला माझ्या दिरांकडे गेलो. निघताना मी शेवंतीच्या दाराशी गेले. तिनं कडी काढली नाही. मला वाटलं, बरोबरच आहे. ज्याच्या भरवशावर नवरा वर चढला, त्याच्या बायकोचं तोंड तिनं का बघावं.

हे पुढे काजूच्या कारखान्यात लागले. भट्टीशी उभं राहून हात काळे झाले, पगार निम्म्यावर आला. मुलांच्या शाळा बदलल्या. दिरांच्या घरात आमची अडचण होती आणि ती आम्हाला रोज जाणवून दिली जायची. मी साधी बाई, माझा जीव त्या चाळीत अडकलेला. तिथला नळ, तिथला हळदीकुंकवाचा गोतावळा. एखाद्या दिवशी जावेचं बोलणं फार लागलं, की मी ह्यांच्यावर राग काढायची. म्हणायची, “जिवाभावाच्या माणसानं उभं केलं होतं, तर उभं राहायचं होतं. शेजारच्या पोराला तरी हाक मारायची होती.”

हे म्हणायचे, “हो.”

बस, तेवढंच. भांडायला दोन माणसं लागतात आणि ह्यांनी मला कधी दुसरं माणूस मिळू दिलं नाही. मला आतून सगळ्यात जास्त काय खायचं, ते सांगते. रात्री झोपण्यापूर्वी चूल विझली की नाही ते उठून दोनदा बघणारा हा माणूस. बाजारात जाताना कडी ओढून बघून पुन्हा चार पावलांवरून परत येणारा. तो मित्राला पंख्यात ठेवून कोणाला न सांगता पाटावर येऊन बसला. मानासाठी. मग मला वाटायचं, मी शालू नेसून पाटावर वाट बघत होते म्हणून आले का? एकदा विचारलंही. म्हणाले, “तुझा काय संबंध त्यात. झोप.”

अशी वर्षं गेली. मुलं मोठी झाली, आमचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर झालं. एका थंडीत ह्यांना खोकला झाला, तो छातीत उतरला आणि होळीच्या आधी हे गेले.

महिन्याभरानं दुपारची शेवंती आली. एसटीतून उतरून पत्ता विचारत विचारत. मी आधी ओळखलंच नाही. केस पांढरे, गुडघे दुखत असल्यासारखी चाल. दोघी मुलींची लग्नं झाली होती, नोकरीतून मोकळी झाली होती. आता शेवंतीही राहिली नाही, गेल्या श्रावणात गेली, म्हणून हे लिहिते आहे. ती असती तर लिहिलं नसतं.

मी तिला पाणी दिलं. ती ह्यांच्या फोटोपाशी बराच वेळ हात जोडून उभी राहिली. मग भिंतीला टेकून खाली बसली.

“मी यायला हवं होतं, ते होते तेव्हाच,” ती म्हणाली. “दरवर्षी ठरवायची. मग एसटी स्टँडपर्यंत जाऊन परत यायची.”

“जाऊ दे शेवंती. तुझा राग होता, त्यात वावगं काय.”

“राग?” तिनं माझ्याकडे बघितलं. “कुमुदताई, मी दार उघडलं नाही ते लाजेनं. हरीभाऊजींनी पूजेला जाताना मला वीजखोलीच्या दारात उभं केलं होतं.”

मी तिच्याजवळ खाली बसले.

“साहेब बोलवायला आले तर भाऊजी जाईनात. मीच म्हटलं, जा हो, ताई पाटावर एकट्या बसल्यात, सगळे बघतायत. मी आहे इथं. त्यांनी मला दोनदा बजावलं. शेवंती, या दारातून हलायचं नाही, आत कोणी आलं तर आडवी हो. मी हो म्हटलं. ते गेले.” तिनं पदराचा शेव मुठीत धरला होता. “आणि मग मला वाटलं, इथं दारात उभं राहून मला वर चढलेले आमचे हे दिसत नाहीत. आत काय, नुसते खटके आणि भिंत. लक्ष ठेवायचं म्हणजे माणसावर ठेवायचं ना? म्हणून मी पाच पावलं बाजूला सरकले, शिडीच्या खाली. तिथून त्यांचे पाय दिसत होते. त्यांनी वरून हात केला मला. हसले. मी वर बघत उभी राहिले. माझ्या पाठीमागून तो माणूस कधी आत गेला, ते मला कळलं नाही. पाण्याचाच आवाज केवढा होता.”

बाहेर कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता. शेवंतीनं पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

“भाऊजी पळत आले तेव्हा मी तिथंच होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. जीप निघायच्या आधी माझ्याजवळ वाकून म्हणाले, तू त्या दारात नव्हतीसच. कोणीही विचारलं तरी तू तिथं नव्हतीस. सासूबाई तर माझ्यावर टपलेल्याच होत्या. त्यांना हे कळलं असतं, तर मुलींना ठेवून घेऊन मला बाहेर काढलं असतं. आणि मी तरी कुठं राहिले असते मग. खाडी जवळच होती.”

मी उठून चहा ठेवला. हात कामात असले की तोंड बरं राहतं. इतकी वर्षं मी ह्या माणसाला काय काय बोलले होते, ते एकेक करून मला आठवत होतं. ह्यांनी मला का सांगितलं नसेल, तेही कळत होतं. तेव्हा माझ्या पोटात गोष्ट राहत नसे. जावेशी भांडताना, नळावर, कधीतरी ती तोंडातून गेलीच असती, आणि चिपळूण तिथून लांब नव्हतं.

“भाऊजींनी तुम्हाला सांगितलंच असेल म्हणा,” शेवंती मागून म्हणाली. “बायकोपासून कोण लपवतं. मला तेच वाटायचं. तुम्हाला सगळं माहीत असून तुम्ही कधी कोणाकडे बोलला नाहीत. तुमचे उपकार आठवूनच मी तिथं दिवस काढले.”

मी कपात चहा ओतला. खरं सांगितलं असतं, तर त्या माणसानं तिच्यापायी घरातलेही बोल आयुष्यभर खाल्ले, हे घेऊन तिला परत जावं लागलं असतं. आधीचंच तिला पेलत नव्हतं.

“सांगितलं होतं,” मी म्हटलं.

“कधी?”

“त्याच दिवशी. चिपळूणहून आल्यावर.”

“आणि तुम्हाला माझा राग आला नाही?”

“कशाचा राग? नवऱ्याकडे बघत उभी होतीस ना.”

तिनं तोंडाला पदर लावला. मग डोळे पुसले, आणि कप आपल्याकडे ओढला.